एका वाडग्याचा धंदा

बाजारातले काम आटोपून नारायणगावच्या रस्त्यावर आलो तेव्हा मगरिबची वेळ होऊन गेली होती. पोटात भूक होती आणि पुण्याकडे जाणाऱ्या एस.टी.ला अजून अवकाश होता. नारायणगाव असो, मंचर असो, जुन्नर असो की घोडेगाव, अशा वेळी खिशाला परवडणारे गरम खाणे रस्त्याच्या कडेला हमखास मिळते ते दोन गाड्यांवर. एक वडापावची आणि दुसरी लाल पाटीची, 'चायनीज'ची. आम्ही दुसरी निवडली.

हाफ प्लेट हक्का नूडल्सचे साठ रुपये. उकडून, तेल लावून परातीत ठेवलेल्या नूडल्स, बारीक चिरलेली कोबी आणि ढोबळी मिरची, भट्टीचा भणभणाट आणि मोठ्या कढईत झाऱ्याचा खणखणाट. तीन-चार मिनिटांत प्लेट हातात आली. खाणे गरम होते, चवीलाही वाईट नव्हते. मात्र खाऊन हात धुतले तरी बोटांवरचा लाल रंग काही गेला नाही.

गाडीचा मालक आपल्याच समाजातील, पंचविशीच्या आतबाहेरचा तरुण. आधी तो टोमॅटोच्या टेम्पोवर हमाली करायचा. हंगाम संपला की हात रिकामे. म्हणून एका नेपाळी आचाऱ्याच्या हाताखाली सहा महिने राहून हे काम शिकला आणि जुनी गाडी विकत घेतली. रंगाबद्दल विचारले तेव्हा हसून म्हणाला, "चाचा, रंग नाही टाकला तर गिऱ्हाईक म्हणतं, आज मसाला कमी पडला." त्याच्या या उत्तराने आम्हाला दोन प्रश्न पडले. हे खाणे मुळात आले कोठून? आणि या मुलाचा धंदा आणखी दहा वर्षांनीही उभा असेल काय?

हक्का म्हणजे कोण?

'हक्का' हे नूडल्सच्या प्रकाराचे नाव नाही. दक्षिण चीनमधील एका समाजाचे ते नाव आहे. या समाजातील पुष्कळ कुटुंबे कलकत्त्यास येऊन स्थायिक झाली आणि शहराच्या पूर्वेकडील टांगरा भागात त्यांनी कातडी कमावण्याचे कारखाने काढले. ज्या कामाला इतर लोक हात लावत नसत ते त्यांनी पत्करले आणि त्यात नाव कमावले. १९६२ च्या चीन युद्धानंतर या चिनी वंशाच्या लोकांवर संशयाची वेळ आली. अनेकांना राजस्थानातील देवळीच्या छावणीत डांबण्यात आले, तर अनेकांनी देश सोडला. पुढे १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कलकत्त्याचे चर्मोद्योग शहराबाहेर हलवण्याचा आदेश दिला. तेव्हा टांगऱ्यातील कित्येक कुटुंबांनी कातड्याऐवजी कढईवरच भिस्त ठेवली. कारखान्यांच्या जागी हॉटेले उभी राहिली आणि आज टांगरा ओळखला जातो तो खाण्यासाठी. चामड्याच्या धंद्यातील आपल्या बांधवांनी लक्षात ठेवावी अशी ही हकीगत आहे.

'मंचुरियन'ची गोष्ट तर आपल्या मुंबईची आहे. कलकत्त्यात जन्मलेले नेल्सन वांग यांनी १९७५ मध्ये क्रिकेट क्लब ऑफ इंडियामध्ये आले, लसूण आणि हिरवी मिरची परतून त्यात गरम मसाल्याऐवजी सोया सॉस घातला, कॉर्नफ्लोअरने रस्सा दाट केला आणि कोंबडीचा हा नवा पदार्थ तयार केला, असे सांगितले जाते. चीनच्या मांचुरियात कोणी तो ओळखणारही नाही. मोठ्या हॉटेलातून तो छोट्या हॉटेलात आला, तेथून हातगाडीवर आणि हातगाडीवरून पुणे-नाशिक रस्त्याच्या कडेला. म्हणजे नारायणगावच्या गाडीवर आम्ही जे खाल्ले ते हिंदुस्थानातच घडलेले खाणे आहे. त्यात कमीपणा काही नाही. परंतु चीनमध्ये गरीब माणूस स्वस्तात जी नूडल्स खातो तिचा धंदा कसा चालतो, हेही पाहायला हवे. त्यातील सर्वांत प्रसिद्ध नूडल्स मुस्लिमांच्या हातची आहे, हे आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल.

लान्झोउचा वाडगा

चीनच्या वायव्येला, पीत नदीच्या काठी, लान्झोउ नावाचे शहर आहे. गान्सू प्रांताची ती राजधानी. या भागात हुई मुस्लिमांची मोठी वस्ती आहे. हुई लोक चिनी भाषा बोलतात आणि सबंध चीनमध्ये त्यांची संख्या एक कोटीहून अधिक आहे. मा बाओझी या हुई गृहस्थाने १९१५ च्या सुमारास लान्झोउच्या गल्ल्यांतून कावडीवर नूडल्स विकायला सुरुवात केली, असे तेथे मानले जाते. दुकान पुढे झाले. सुरुवात झाली ती खांद्यावरच्या कावडीने.

हा वाडगा कसा असावा याचे पाच नियम तेथील पोराटोरांनाही पाठ असतात. रस्सा नितळ हवा, मुळ्याच्या चकत्या पांढऱ्या हव्यात, मिरचीचे तेल लाल, कोथिंबीर आणि लसणाची पात हिरवी आणि नूडल्स पिवळसर. रस्सा गोमांस आणि हाडे तासन् तास उकळून करतात. लाल रंग येतो तो मिरचीतून, बाटलीतून नव्हे. नितळ रश्शात काही लपवता येत नाही. हाडे शिळी असली किंवा हात आखडता घेतला असला तर पहिल्या घोटातच गिऱ्हाइकाला कळते.

नूडल्स तयार पाकिटातून काढत नाहीत. पीठ भिजवून, तिंबून, मुरवून ठेवतात. त्यात पूर्वी रखरखीत रानातील एका झुडपाच्या राखेचा खार घालत. आता बहुतेक ठिकाणी कारखान्यातील पूड वापरतात. आपल्या बायका पापडाच्या पिठात पापडखार घालतात, त्याच जातीचे हे काम. खारामुळे पीठ ताणले तरी तुटत नाही. मग कारागीर पिठाची दोरी दोन्ही हातांनी ओढतो, दुमडतो, पुन्हा ओढतो. एकाचे दोन, दोनाचे चार, असे करत आठव्या घडीला दोनशे छप्पन्न पदर होतात. गिऱ्हाइकाने सांगावे तसा पदर मिळतो. केसासारखा बारीक, पातीच्या पानाएवढा चपटा किंवा पट्ट्यासारखा रुंद. सारे काम गिऱ्हाइकाच्या डोळ्यांसमोर चालते आणि दोन-तीन मिनिटांत वाडगा पुढ्यात येतो.

लान्झोउत हा मजुराचा आणि विद्यार्थ्याचा सकाळचा नाश्ता आहे. २००७ मध्ये वाडग्याचे दर वाढले तेव्हा लोकांत इतकी नाराजी पसरली की तेथील प्रशासनाने साध्या दुकानांतील दरावर मर्यादा घातली. आपल्याकडे कांद्याचे भाव चढले की सरकार जसे हलते तसेच हे झाले.

डोंगरातल्या माणसांची दुकाने

व्यापाऱ्याच्या दृष्टीने खरी गोष्ट पुढेच आहे. चीनभर 'लान्झोउ नूडल्स' या पाटीची जी दुकाने दिसतात, त्यांतील पुष्कळशी लान्झोउच्या लोकांची नाहीतच. शेजारच्या छिंगहाई प्रांतातील हुआलोंग या गरीब डोंगराळ मुलखातील लोकांनी ती काढलेली आहेत. तेथे शेती बेभरवशाची. १९८० नंतरच्या दशकाच्या अखेरीस तेथील काही हुई माणसे दूर शियामेन बंदरात गेली आणि त्यांनी नूडल्सचे दुकान काढले. एकाचे बस्तान बसले की तो भावाला बोलावी, भाऊ मेहुण्याला. नवा मुलगा आधी भांडी घासायचा, मग पीठ तिंबायचा, मग ओढायला शिकायचा. हातात थोडा पैसा जमला आणि नात्यातून उसनवार मिळाली की दुसऱ्या शहरात स्वतःचे दुकान टाकायचा. नवरा नूडल्स ओढतो, बायको गल्ला सांभाळते, पुतण्या वाडगे उचलतो. पुढे सरकारनेही या धंद्याचे प्रशिक्षण सुरू केले.

या दुकानांच्या पाटीवर 'छिंगझेन' हा चिनी शब्द असतो. त्याचा शब्दशः अर्थ 'शुद्ध आणि खरे' असा असून हलाल खाण्यासाठी तो वापरतात. पूर्वी शेजारी अरबी अक्षरांत 'हलाल' असेही लिहिलेले असे. २०१९ मध्ये बीजिंगमधील दुकानांना ती अरबी अक्षरे काढायला लावण्यात आली. मालखरेदीसाठी ईवू किंवा ग्वांगझोउला जाणाऱ्या आपल्या व्यापाऱ्यांनी या चिनी शब्दाची दोन अक्षरे कागदावर लिहून घेऊन खिशात ठेवावीत. डुकराची चरबी आणि स्वयंपाकाची दारू यांची धास्ती न बाळगता स्वस्तात पोटभर जेवता येईल.

दुकानात पदार्थ मोजकेच. त्यामुळे माल पडून राहत नाही, हात सरावतो आणि चव रोज तीच राहते. आमच्या नारायणगावच्या गाडीच्या पाटीवर मात्र आम्ही बेचाळीस पदार्थ मोजले. त्यातले पाच-सहाच रोज खपतात, हे मालकानेच सांगितले.

आपल्या घरातले कसब

हाताने ओढलेली नूडल्स ही काही आपल्याला परकी वस्तू नाही. पाटावरच्या हातशेवया आठवून पाहा. गव्हाचे सपीठ भिजवायचे, तिंबायचे, ओढून-दुमडून बारीक तार काढायची आणि काठीवर वाळत घालायची. ईदच्या शीरखुर्म्यासाठी आपल्या आयाबहिणींनी आणि शेजारच्या हिंदू घरांतील बायकांनीही हेच काम वर्षानुवर्षे केले. आता यंत्राची शेवई आली आणि हाताची मागे पडली. ज्या कसबाला लान्झोउत बाजार आहे ते आपल्याकडे घरातल्या घरात संपत चालले आहे.

कसब संपते म्हणजे काय होते हे जुन्नरला कोणी सांगायला नको. कागद बनवण्याची विद्या चीनमध्ये जन्मली, समरकंदमार्गे मुस्लिम मुलखात पसरली आणि पुढे हिंदुस्थानात आली. जुन्नरच्या कागझी कुटुंबांनी तीच विद्या हाती धरली. जुन्नरी कागदावर पेशवाईचे दफ्तर लिहिले गेले. पुढे गिरणीचा स्वस्त कागद आला आणि हातांना काम उरले नाही. कागद वाईट होता म्हणून तो धंदा गेला नाही, यंत्राच्या दराशी हाताचा दर टिकला नाही म्हणून गेला. खाण्याच्या धंद्यात मात्र हाताला अजून संधी आहे. गिऱ्हाइकासमोर ओढलेली नूडल्स आणि त्याच दिवशी उकळलेला रस्सा पाकिटात भरून विकता येत नाही.

मालाचीही येथे उणीव नाही. नारायणगाव आणि मंचरच्या बाजारात कोथिंबिरीच्या जुड्या, कोबी, फ्लॉवर आणि टोमॅटो थेट शेतातून येतात. ओतूर-आळेफाट्याला कांदा आहे. मुंबईच्या हॉटेलवाल्याला जो माल दोन दलाल आणि एक ट्रक यांच्यामार्फत मिळतो तो आमच्या गाडीवाल्याला सायकलवरून आणता येतो.

चार गोष्टी

गाडी चालवणाऱ्या तरुणांसाठी म्हणून चार गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली गोष्ट रंगाची. कर्नाटक सरकारने मार्च २०२४ मध्ये गोबी मंचुरियनमध्ये कृत्रिम रंग वापरण्यास बंदी केली. तपासणीत सापडलेल्या रंगांपैकी रोडामाइन-बी हा कापड वगैरे रंगवण्याचा रंग आहे, तो खाण्यात चालत नाही. रंगारी बांधवांना हे सांगायची गरज नाही. सुकी लाल मिरची भिजवून वाटली तर रंग येतो आणि चवही येते.

दुसरी गोष्ट भरवशाची. कोंबडी कोणाकडून आणली, जबिहा कोणाचा, हे विचारणाऱ्याला सांगता आले पाहिजे. तळणाचे तेल काळे होईपर्यंत वापरू नये. अन्न सुरक्षेची नोंदणी करून ती समोर लावावी. मुस्लिम गिऱ्हाईक हलालसाठी येईल, पण सर्व धर्मांचे गिऱ्हाईक टिकेल ते स्वच्छतेमुळेच.

तिसरी गोष्ट पदार्थांची. बेचाळीस नकोत, सहा पुरेत. त्यात एक वाडगा कोंबडीच्या किंवा बकऱ्याच्या हाडांच्या नितळ रश्शातील नूडल्सचा असू द्या. पावसाळ्यात भीमाशंकरकडे आणि नाणेघाटाकडे जाणारे लोक भिजून याच रस्त्याने परततात. त्यांना गरम वाडग्याइतके दुसरे काही नको असते.

चौथी गोष्ट हिशेबाची. आमच्या मित्राने रात्री गल्ला मोजला की त्यालाच तो कमाई समजतो. गॅस, तेल, मदतनिसाचा पगार, फुटलेल्या प्लेटा आणि स्वतःच्या सात तासांची मजुरी वहीत लिहिल्याशिवाय साठ रुपयांतले किती आपले हे कळत नाही. हे कळले नाही तर दर ठरतो तो शेजारच्या गाडीकडे पाहून, आणि मग तेलात काटकसर सुरू होते.

हे सर्व आम्ही त्या मुलाला तेथेच सांगितले. म्हणालो, "बेटा, एक प्लेट बिनरंगाची कर. मिरची वाटून घाल, कोथिंबीर भरपूर टाक. पैसे आम्ही देतो." त्याने केली. अर्धी आम्ही खाल्ली, अर्धी त्याला खायला लावली. खाऊन तो काही बोलला नाही, फक्त रंगाची बाटली उचलून त्याने गाडीच्या खालच्या फळीवर ठेवली. तेवढ्यात मोटारसायकलवरून दोन गिऱ्हाइके आली आणि त्यांनी लाल मंचुरियन मागितले. मुलाने आमच्याकडे पाहिले, मग खालच्या फळीकडे पाहिले, आणि बाटली पुन्हा वर आली.

आमची एस.टी. आली होती. प्लेटचे पैसे त्याने घेतले नाहीत. म्हणाला, पुढच्या बाजाराला या, वाडगा करून ठेवतो. आम्ही जाणार आहोत.