जुना संगणक, नवा संगणक

आमच्या पिंपरीच्या घरी दोन संगणक आहेत. जुन्यावर विंडोज एक्सपी, नव्यावर विंडोज ११. मुलीच्या प्रवेशासाठी जातीच्या दाखल्याची स्कॅन केलेली प्रत हवी होती, ती जुन्यात. दोन्ही एकाच राउटरला जोडलेले, तरी नव्यातून जुना उघडेना. वाटले, वायर खराब झाली.

कारण वेगळेच निघाले. एक्सपी फायलींच्या देवाणघेवाणीसाठी 'एसएमबी १' ही जुनी पद्धत वापरते. मे २०१७ मध्ये 'वॉनाक्राय' विषाणू तिच्यातल्याच दोषातून जगभर पसरला. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरपासून नव्या विंडोजमध्ये ती बंद ठेवली जाऊ लागली.

ती चालू करता येते. पण चोराने पाहिलेले दार पुन्हा कशाला उघडायचे? आम्ही पेनड्राईव्हवर फायली घेतल्या आणि नव्यावर विषाणूची तपासणी करून मगच उघडल्या. एक्सपीच्या नियमित सुरक्षा दुरुस्त्या ८ एप्रिल २०१४ नंतर थांबल्या. म्हणून जुन्याची इंटरनेटची वायरही काढून ठेवली.

एका दाखल्यासाठी किती खेपा आणि किती खाडे होतात, हे आपण जाणतोच. म्हणून त्याची प्रत एकाच यंत्राच्या भरवशावर ठेवू नका. आजच दुसरी काढा.