वंगणाची विवंचना

लखनौचे नाव निघाले की इमामबाडा, चिकनचे भरतकाम आणि ‘पहले आप’चा अदबशीर आग्रह यांची आठवण होते. त्याच शहराच्या एका अंगाला मानकनगर नावाची वसाहत आहे, हे मात्र थोड्यांनाच ठाऊक असते. मानक म्हणजे प्रमाण. भारतीय रेल्वेची संशोधन, अभिकल्प व मानक संघटना येथे आहे. १९३० साली निघालेली मध्यवर्ती मानक कचेरी आणि १९५२ सालचे चाचणी व संशोधन केंद्र यांच्या मिलाफातून ती १९५७ मध्ये उभी राहिली. रूळ कसा असावा, डबा कसा असावा, हे येथे ठरते. त्याचप्रमाणे इंजिनात कोणते तेल घालावे आणि आसाच्या पेटीत कोणते ग्रीस भरावे, हेही येथेच ठरते.

बैलगाडीला वंगण घालावयास शेतकरी विसरला तर चाक करकरते व साऱ्या गावाला त्याचा आळस कळतो. आगगाडीचे चाक असे ओरडत नाही. ते मुकाट्याने तापते. जुन्या डब्यांत आसाचे टोक पितळी बेअरिंगखाली फिरे आणि खालच्या पेटीत तेलात भिजवलेला सुताचा बोळा ठेवलेला असे. तेल आटले की आस तापे, लाल होई, प्रसंगी तुटे आणि गाडी घसरे. धावती गाडी पुढून जात असता स्टेशनवरील मंडळी फलाटावर उभी राहून तिची चाके निरखीत असतात, ती उगीच नव्हे. रेल्वेच्या आरंभीच्या काळात या कामी आपले एरंडेलही खपत असे. पुढे खनिज तेल आले, रोलर बेअरिंग आले, आणि एकदा भरलेले ग्रीस दीर्घकाळ पुरू लागले.

हे वंगण बनते कशाचे? कच्च्या खनिज तेलाच्या जड भागातून मूळ तेल काढतात आणि त्यात निरनिराळी रसायने मिसळतात: कोणी काजळी तरंगत ठेवते, कोणी गंज रोखते, कोणी झीज थांबवते. ग्रीस म्हणजे याच तेलात साबण कालवून केलेला मलम. कृती सोपी वाटते, पण तिच्यात पथ्ये फार. मोटारीच्या तेलात झीज टाळण्यासाठी जस्ताचे संयुग सर्रास घालतात. परंतु १९९९ पासून भारतात आलेल्या अमेरिकन बनावटीच्या डिझेल इंजिनांत काही बेअरिंगांना चांदीचा लेप असतो आणि जस्त त्या चांदीलाच खाते. एकाचे औषध ते दुसऱ्याचे विष, अशातला हा प्रकार.

पुरवठ्याची अडचण येथूनच सुरू होते. मुंबईत माहूल येथे, तसेच चेन्नई व हल्दिया येथे मूळ तेल निघते. तरीही देशात लागणाऱ्या मूळ तेलाचा निम्म्याहून अधिक भाग परदेशांतून, विशेषतः दक्षिण कोरिया व आखाती देशांतून येतो. नव्या यंत्रांना अधिक शुद्ध तेल हवे असते आणि जुन्या पद्धतीच्या कारखान्यांतून ते निघत नाही. युरोपची स्थिती याहून वेगळी नाही. तेथील असे कित्येक कारखाने बंद पडले आणि उंची तेलासाठी त्या खंडालाही बाहेर पाहावे लागते. मिसळावयाच्या रसायनांचा जगभरचा व्यापार तर मुख्यतः चार कंपन्यांच्या हाती आहे. किराणा दुकानात एक तेल संपले तर गृहिणी दुसरे आणते. इंजिनाच्या बाबतीत तशी सोय नाही. मूळ तेल बदलले की प्रयोगशाळा, चाचणीचे इंजिन आणि मग प्रत्यक्ष धावत्या गाडीतील दीर्घ परीक्षा, असा सारा प्रवास करावा लागतो. टंचाई आठवड्यात येते आणि मान्यतेला महिने लागतात.

युक्रेनच्या युद्धानंतर युरोपीय संघाने फेब्रुवारी २०२३ पासून समुद्रमार्गे येणाऱ्या रशियन तेलपदार्थांना बंदी घातली. ग्रीसवरचे संकट त्याआधीच उभे राहिले होते. रोलर बेअरिंगांत बहुधा लिथियमच्या साबणाचे ग्रीस वापरतात. मोटारींच्या बॅटऱ्यांनी लिथियमची मागणी वाढवली आणि २०२२ मध्ये त्याचे भाव गगनाला भिडले. त्यातच २०२१ मध्ये युरोपीय रसायन संस्थेच्या तज्ज्ञ समितीने लिथियमची तीन संयुगे प्रजननास घातक मानावीत, असा अभिप्राय दिला. परिणामी युरोपातील कारखानदार कॅल्शियमच्या ग्रीसकडे वळू लागले. आपल्याकडेही आसाच्या पेटीत लिथियमचेच ग्रीस चालत आले आहे. तेव्हा ही दूरची वार्ता मानकनगरला परकी नाही.

सर्वांत दुर्लक्षित राहते ते वापरून झालेले तेल. वंगण संपत नाही, मळते. डिझेल इंजिनांच्या शेडमध्ये तेलाचा नमुना वैद्याने नाडी पाहावी तसा तपासतात: तांबे वाढले तर बेअरिंग झिजले, सिलिकॉन वाढले तर हवेच्या गाळणीतून धूळ शिरली. एका मोठ्या इंजिनात सुमारे हजार लिटर तेल मावते. ते उतरविल्यावर जाते कोठे? नोंदलेल्या शुद्धीकरण कारखान्यांनाच ते द्यावे, असा नियम आहे; पण देशातले पुष्कळसे जुने तेल भट्ट्यांत जळून जाते आणि त्याच्या धुरातून जड धातू हवेत मिसळतात.

युरोपने असे तेल गोळा करण्याचा निर्बंध १९७५ मध्येच केला. भारतात सप्टेंबर २०२३ मध्ये निघालेले नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले. त्यांनुसार तेल विकणाऱ्यावरच ते परत मिळवून शुद्ध करण्याची जबाबदारी आली. आरंभ शेकडा ५ पासून, आणि टप्प्याटप्प्याने शेकडा ५० पर्यंत. नियम चांगला आहे, पण नियमाने तेल गोळा होईल, त्याला गिऱ्हाईक मिळेलच असे नाही. आम्ल व माती वापरून केलेल्या जुन्या शुद्धीकरणाने विषारी गाळ मागे ठेवला आणि ग्राहकाच्या मनात संशय. निर्वात ऊर्ध्वपातन व हायड्रोजनची प्रक्रिया केलेले तेल नव्याच्या तोडीचे असते. ते विश्वासास पात्र आहे असे प्रमाणपत्र देणारी संस्था मात्र हवी, आणि येथे मोठ्या सरकारी खरेदीदाराचा शब्द शंभर जाहिरातींहून वजनदार ठरेल.

इकडे रेल्वेच्या ब्रॉडगेजचे जवळजवळ संपूर्ण विद्युतीकरण झाल्याने डिझेल इंजिनांच्या तेलाची मागणी ओसरत चालली आहे. थोडक्या मागणीसाठी खास तेल बनविण्याचा उत्साह कारखानदारांत किती दिवस टिकेल, ही नवीच चिंता आहे. कारण राखीव ठेवलेल्या डिझेल इंजिनांना ते तेल लागतच राहणार. विजेच्या इंजिनातील दंतचक्रेही तेलातच फिरतात, आणि मालगाडीचा आस, इंजिन कोणतेही असो, पूर्वीइतकेच ग्रीस मागतो.