धूळपाटीवरचा मोर

फार पूर्वी मुलं अक्षरं कशावर गिरवायची, ठाऊक आहे? लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि बोटानं किंवा काडीनं तिच्यात अक्षर काढायचं. चुकलं की पाटी हलवायची, धूळ सारखी करायची आणि पुन्हा गिरवायचं. ही धूळपाटी. आता गंमत ऐका. मराठी विकिपीडियावर नव्या माणसानं सराव करायच्या पानाचं नावही 'धूळपाटी'च आहे! ज्यानं कुणी हे नाव सुचवलं, त्याला माझ्याकडून एक पेढा.

विकिपीडिया म्हणजे सगळ्यांनी मिळून लिहायचा ज्ञानकोश. मराठीतला १ मे २००३ रोजी, म्हणजे महाराष्ट्र दिनीच सुरू झाला. तो कुणीही वाचू शकतं हे तुम्हाला माहीत असेल. पण तो कुणीही लिहू शकतं, अगदी शिरूरची किंवा दौंडची सातवीतली मुलगीसुद्धा, हे सांगितलं की डोळे मोठे होतात. आणि लगेच प्रश्न येतो, "माझ्याकडून बिघडलं तर?"

चला, बिघडतं का ते बघू. एखाद्या पानावर 'शिरुर' असा ऱ्हस्व उकार पडलाय. तुम्ही वर 'संपादन'वर टिचकी मारता, उकार दीर्घ करता, 'शिरूर', आणि बदल जपून ठेवता. झालं! तुम्ही ज्ञानकोश दुरुस्त केलात. आता 'इतिहास' उघडा. तिथे तुमचा बदल तारीख-वेळेसकट नोंदलेला दिसेल आणि शेजारी कंसात आकडा असेल: ०. शून्य का बरं? संगणक अक्षरं 'बाइट'मध्ये मोजतो. इंग्रजी अक्षराला १ बाइट पुरतो, आपल्या देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला ३ लागतात. ऱ्हस्व उकाराचे ३ गेले, दीर्घाचे ३ आले, हिशेब शून्य! 'मोर' हा शब्द घातलात तर +९ दिसेल: म, ओकार आणि र, प्रत्येकी तीन.

या इतिहासातच तुमच्या भीतीचं औषध आहे. धूळपाटी हलवली की सगळं विसरते, पण विकिपीडियाचं पान काही विसरत नाही. पहिल्या दिवसापासूनची त्याची प्रत्येक आवृत्ती जपलेली असते. कुणी चुकून अर्धा लेख पुसला, किंवा मुद्दाम वेडंवाकडं लिहिलं, तरी दुसरा कुणीतरी जुनी आवृत्ती परत आणतो. 'अलीकडील बदल' या पानावर लक्ष ठेवून बसलेली माणसं असतात, आणि ती हे काम पगाराशिवाय, हौसेनं करतात. नवख्यावर खेकसू नये, असा विकिपीडियाचा संकेतच आहे. अडलं तर विचारायला 'चावडी' आहे. हो, गावच्या चावडीवरूनच हे नाव आलंय.

मात्र मनाला येईल ते लिहिता येत नाही, बरं का. समजा, शिरूर तालुक्यातल्या मोराची चिंचोलीबद्दल तुम्ही लिहिलंत, 'इथले मोर जगात सर्वांत सुंदर आहेत.' कुणीतरी ते काढून टाकेल. रागावू नका. सुंदर हे तुमचं मत झालं, आणि पारनेरचा मुलगा आपल्या गावच्या मोराबद्दल तसंच म्हणेल. मग तुम्ही लिहिलंत, 'इथे खूप मोर आहेत.' आता वाक्यापुढे दोन छोटे शब्द उगवतील: 'संदर्भ हवा'. म्हणजे, हे कुठे छापलंय ते दाखवा. मला हे दोन शब्द फार आवडतात. वर्गात, घरात, मोबाइलवर आलेल्या निरोपालाही ते विचारून बघा.

'आजी म्हणाली' हा संदर्भ इथे चालत नाही. आजीचं वहीत जरूर उतरवून ठेवा, ते मोलाचं आहे. विकिपीडियाला मात्र पुस्तक, वर्तमानपत्र, अहवाल असं काहीतरी लागतं, म्हणजे दुसऱ्याला ते उघडून पडताळता येईल. उदाहरणार्थ, शिरूर तालुक्यातलं इनामगाव घ्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं तिथे १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केलं. साडेतीन हजार वर्षांपूर्वी घोड नदीकाठी राहणारे शेतकरी सातू पिकवत होते, त्यांनी पाण्यासाठी कालवा खणला होता, हे तिथल्या मातीतून कळलं. चार पायांचा मातीचा मोठा रांजण सापडला आणि त्यात बसवलेल्या माणसाचा सांगाडा! हे सगळं अहवालात छापलेलं आहे, म्हणून ते ठामपणे लिहिता येतं. पण आपल्या शब्दांत हं, पुस्तकातलं जसंच्या तसं उतरवायचं नाही.

आता धूळपाटीवर एक जादू करा. लिहा: इनामगाव [[घोड नदी]]काठी आहे. दुहेरी चौकटी कंसातला शब्द निळा झाला, तर त्यावर बोट ठेवताच त्या पानावर पोहोचाल. घोडवरून भीमेवर, भीमेवरून तिच्या काठच्या दौंडवर, नदीसारखंच वाहत जाता येतं. शब्द लाल झाला, तर ते पान अजून कुणी लिहिलेलंच नाही.

खातं उघडताना आईबाबांना जवळ बसवा. टोपणनाव घ्या, शाळेचं नाव आणि फोन नंबर कुठेही देऊ नका. मग आपल्या गावाचं पान शोधा. महाराष्ट्रातल्या कितीतरी गावांच्या पानांवर 'लोकजीवन', 'प्रेक्षणीय स्थळे', 'जवळपासची गावे' असे मथळे नीट मांडून ठेवलेत, आणि त्यांच्याखाली एक ओळही नाही.