बेगल आणि बाफला

पुण्या-मुंबईस शिकावयास गेलेली नातवंडे सुटीत अमरावती-अकोल्यास परततात आणि घरी बेगल करण्याचा हट्ट धरतात. यीस्ट आणि रात्रभर मुरवलेले पीठ हे शब्द ऐकताच आजी नकार देते. बोलणे तेथेच खुंटते. वास्तविक तसे होण्याचे कारण नाही.

बेगल हा पोलंडमधील ज्यू समाजाचा कड्याच्या आकाराचा पाव. क्राकोव्ह येथील त्या समाजाच्या १६१० च्या नियमांत त्याचा उल्लेख आढळतो. तो आधी पाण्यात उकळतात व मग भाजतात. उकळताना वरचा थर शिजून घट्ट होतो, म्हणून तो बाहेरून चकचकीत व आतून चिवट लागतो. राजस्थान-माळव्याच्या बाफल्याची रीतही हीच. कापसाच्या व्यापारानिमित्त वऱ्हाडात स्थिरावलेल्या मारवाडी घरांना बाफला परका नाही.

अर्धा किलो जाडसर कणकेत १०० ग्रॅम तूप, ओवा, मीठ व चिमूटभर खाण्याचा सोडा घालून घट्ट मळावे. वरणासोबत द्विदलाचा दोष नको म्हणून दही वर्ज्य करावे. मोठ्या लिंबाएवढ्या गोळ्यांना मध्ये भोक पाडून ते उकळत्या पाण्यात सुमारे १५ मिनिटे, वर तरंगेपर्यंत ठेवावेत. कापडावर कोरडे करून ओव्हनमध्ये २०० अंशांवर अर्धा तास भाजावेत, मध्यंतरी उलटावेत. दुपारीच आरंभ केल्यास सूर्यास्तापूर्वी पाने वाढता येतात.

यीस्टविना हा खरा बेगल नव्हे, हे नातवंडांना प्रांजळपणे सांगावे. मात्र गोळे त्यांच्याच हातून वळवून घ्यावेत. नियमही राहतो आणि आजीची विद्याही पुढे जाते.