कार्टून लिंक, लांबलचक समुद्र

गैरसमज : आपल्याला काय आवडेल, ते खेळाडूंना आधीच ठाऊक असतं.

वस्तुस्थिती : २००० साली जपानमधल्या स्पेसवर्ल्ड प्रदर्शनात निन्टेंडोने आपल्या गेमक्यूब या कन्सोलसाठी एक डेमो दाखवला. त्यात ‘झेल्डा’ मालिकेचा नायक लिंक आणि खलनायक गॅननडॉर्फ यांची अगदी खरी वाटावी अशी तलवारबाजी होती. पुढचा झेल्डा असाच दिसणार, असं चाहत्यांनी गृहीत धरलं. वर्षभराने समोर आला तो टपोऱ्या डोळ्यांचा कार्टून लिंक! ‘हा तर पोरखेळ’ म्हणून केवढा गहजब झाला. दिग्दर्शक एइजी आओनुमा यांच्या चमूने रूप बदललं नाही आणि डिसेंबर २००२ मध्ये ‘द विंड वेकर’ जपानमध्ये आला.

ते टपोरे डोळे नुसते गोंडस नव्हते. खोलीत काही महत्त्वाचं असलं की लिंकची नजर तिकडे वळते आणि खेळणाऱ्याला न बोलता सुगावा लागतो. त्या काळातले ‘खरेखुरे’ दिसणारे कितीतरी गेम आज जुनाट वाटतात. हा मात्र अजून टवटवीत आहे. वास्तववादी झेल्डाही चाहत्यांना मिळाला, २००६ साली, ‘ट्वायलाइट प्रिन्सेस’मध्ये.

गैरसमज : म्हणजे टीकेकडे काणाडोळा करावा.

वस्तुस्थिती : मुळीच नाही. याच गेमच्या उत्तरार्धाबद्दलची तक्रार शंभर टक्के खरी होती. ट्रायफोर्स या जादुई वस्तूच्या आठ तुकड्यांसाठी आठ नकाशे शोधायचे, प्रत्येक नकाशा टिंगल नावाच्या पात्राकडून ३९८ रुपी (गेममधलं चलन) मोजून उलगडून घ्यायचा आणि मग समुद्र तुडवायचा. दिशा बदलली की दरवेळी छडी फिरवून वारा वळवायचा. कंटाळा यायचाच. २०१३च्या एचडी आवृत्तीत निन्टेंडोने उलगडायचे नकाशे तीनवर आणले आणि वारा सदैव पाठीशी ठेवणारं वेगवान शीड दिलं. समुद्र तोच राहिला, चेहराही तोच. खेळाडूचा कंटाळा खोटा नसतो. त्यावर उपाय शोधणं हे निर्मात्याचं काम, आणि ते इथे नेमकं झालं.

गैरसमज : खेळाडूंचं ऐकायचं म्हणजे गेम सोपा करून टाकायचा.

वस्तुस्थिती : सुपरजायंटच्या ‘हेडीस’ या गेममधला गॉड मोड बघा. तो चालू केला की २० टक्के मार कमी बसतो आणि प्रत्येक मरणानंतर हे संरक्षण २ टक्क्यांनी वाढत ८० टक्क्यांपर्यंत जातं. पण मरण टळत नाही. नायक झॅग्रियस मरून पाताळातल्या घरी परततो, तिथली माणसं त्याच्याशी बोलतात आणि कथा पुढे सरकते. गॉड मोडमध्येही ती तशीच सरकते.