टायर नवे बसवले, व्हीलचं नुकसान कोणी केलं?

मे महिन्यात मामेभावाच्या निकाहासाठी म्हसळ्याजवळच्या गावी जायचं ठरलं. घरात चर्चा कपड्यांची, अहेराची आणि गाडीत कोण कुठे बसणार याची. टायरचा विषय काढला तो अब्बांनी. पुढच्या दोन टायरांची नक्षी सपाट होत आली होती. टायरच्या खाचांमध्ये ठरावीक अंतरावर आडवे छोटे उंचवटे असतात. नक्षी झिजून त्या उंचवट्यांच्या बरोबरीला आली, की खाच फक्त 1.6 मिलिमीटर उरली असं समजायचं आणि टायर बदलायचा. आमच्या टायरांनी ती हद्द कधीच ओलांडली होती. पावसाळा तोंडावर, गाडीत लहान मुलं, तेव्हा खर्च टाळण्यात अर्थ नव्हता.

मुंब्र्यातलं टायरचं दुकान अब्बांच्या पंधरा वर्षांच्या ओळखीचं. गाडी तिथे सोडून आम्ही दोघं बाजारात गेलो, दीड तासाने परत आलो. दोन नवे टायर, बॅलन्सिंग, अलाइनमेंट, सगळं तयार. टायर जुन्या साठ्यातला तर नाही ना, एवढं मात्र पाहिलं. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांपासून एक लांब क्रमांक असतो, त्याचे शेवटचे चार आकडे बनावटीचा आठवडा आणि वर्ष सांगतात. 0525 असेल तर 2025 चा पाचवा आठवडा. तिथे भांडायला काही कारण नव्हतं. शेठ म्हणाले, "पक्कं बिल हवं असेल तर जीएसटी लावावा लागेल." आम्ही कच्च्या चिठ्ठीवर भागवलं. हे आधीच कबूल केलेलं बरं, कारण पुढची निम्मी अडचण त्या चिठ्ठीनेच केली आणि त्यात दोष एकट्या शेठचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी फजरनंतर निघालो. पनवेल सोडून वेग ऐंशीच्या आसपास गेला, तसं स्टेअरिंग बारीक थरथरू लागलं. वेग कमी केला की थांबायचं. "नवे टायर आहेत, बसतील हळूहळू," अशी आम्हीच आमची समजूत घातली. नागोठण्याच्या पुढे एका खड्ड्यात पुढचं डावं चाक जोरात आदळलं. मागे बसलेल्या अम्मीच्या हातातला डबा खाली पडला. कोलाड येईपर्यंत गाडी डावीकडे ओढायला लागली. माणगावला उतरून पाहिलं तर टायरमधली हवा कमी झालेली, आणि अलॉय व्हीलच्या बाहेरच्या कडेवर दोन ठिकाणी खोल चरे. आतलं ॲल्युमिनियम चकचकत होतं.

रागाने फोन मुंब्र्याला लावला. शेठ एका वाक्यात मोकळे झाले, "गाडी आली तेव्हाच तसं होतं."

यावर काय बोलणार? गाडी देताना आम्ही चाकांकडे पाहिलंच नव्हतं, आणि घेताना त्यांनीही नाही. टायरच्या दुकानातली बहुतेक भांडणं याच एका वाक्यावर अडकतात.

माणगावच्या एका गॅरेजमधले वयस्कर मिस्त्री आम्हाला भेटले, हे आमचं नशीब. चाक खोलायला घेण्याआधी त्यांनी पाना खाली ठेवला. म्हणाले, "दादा, आधी फोटो काढा. मी एकदा हात लावला की तो माणूस म्हणेल, माणगाववाल्याने बिघडवलं." आम्ही फोटो काढले, चालू व्हिडिओत नट सोडवून घेतले. एक नट सुटेना. हवेच्या गनने तो इतका आवळला होता, की पाइप लावून जोर द्यावा लागला आणि शेवटी स्टडच तुटला. लहान गाडीचे नट साधारण 100 न्यूटन मीटरच्या आसपास आवळायचे असतात. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत दिलेला असतो. बरोबर पद्धत अशी, की गनने नुसतं बसवायचं आणि शेवटचा आवळ टॉर्कचा पाना लावून हाताने द्यायचा. पण गर्दीच्या दुकानात तो पाना भिंतीवरून खाली उतरतोच असं नाही.

मग मिस्त्रींनी टायर उतरवून आम्हाला व्हील वाचायला शिकवलं. टायर काढण्याच्या मशीनचा लोखंडी चोच असलेला भाग किंवा हातातली टॉमी बाहेरच्या कडेला घासते. प्लास्टिकचं संरक्षण न लावता काम केलं तर तिथे टोकदार, तुटक चरे पडतात. आमचे दोन्ही चरे तसेच होते. थरथर कशामुळे, तेही कळलं. आतल्या बाजूला बॅलन्सिंगचं चिकटवायचं वजन कळकट व्हीलवर न पुसताच लावलं होतं. ते सुटून अर्धं लोंबत होतं.

आम्हाला जोर चढला. पण मिस्त्रींनी व्हील उलटं केलं आणि गाडीच्या बाजूच्या आतल्या कडेवर बोट ठेवलं. तिथे एक इंचभर कड आत दबली होती. "हवा इथून जातेय. हे दुकानदाराचं काम नाही. आतल्या कडेला आऱ्यांचा आधार नसतो, त्यामुळे खड्ड्यात आदळलं की बहुतेक वेळा तीच वाकते." नागोठण्याचा खड्डा आम्हाला आठवला आणि आम्ही गप्प झालो. तोपर्यंत नव्या व्हीलचे नऊ हजार शेठकडून वसूल करायचा हिशोब मनात तयार झाला होता. हवा जाण्याचा, गाडी ओढण्याचा दोष आमच्या वाट्याचा. बाहेरचे चरे, तुटलेला स्टड आणि सुटलेलं वजन त्यांच्या वाट्याचं. फोनवर मात्र आम्ही सगळं त्यांच्याच माथी मारून बसलो होतो.

स्टेपनी लावून निकाहाला पोहोचलो. मिस्त्रींनी आपल्या छापील बिलाच्या मागे काय काय दिसलं ते चार ओळीत लिहून, सही-शिक्का मारून दिलं. आतल्या कडेचा बाकही त्यात लिहिला. तो वगळा, असं त्यांना सांगण्याचा मोह झाला होता, हे लपवत नाही.

परत आल्यावर प्रश्न उरला पुराव्याचा. चरे आधीचे नव्हते, हे दाखवायचं कसं? ते सापडलं आमच्या भाचीच्या मोबाईलमध्ये. आठवड्यापूर्वी घरासमोर मुलं गाडीला टेकून उभी होती, त्या फोटोत पुढचं डावं चाक पूर्ण दिसत होतं. कड स्वच्छ. फोटोवर तारीख होती.

दुकानात जाण्याआधी आम्ही कायद्याचीही माहिती घेतली. दुरुस्तीसाठी गाडी ताब्यात घेणारा माणूस साधा विक्रेता राहत नाही. आपल्या घरात ज्याला अमानत म्हणतात, जवळपास तीच गोष्ट 1872 च्या करार कायद्याच्या कलम 151 मध्ये आहे: ताब्यात आलेल्या वस्तूची काळजी शहाणा माणूस स्वतःच्या वस्तूची घेईल तितकी घ्यायची. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात निष्काळजीपणाने केलेलं काम सेवेतली त्रुटी ठरतं. तक्रार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात करता येते, म्हणजे आमच्यासाठी ठाण्याला. मुदत दोन वर्षांची. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. त्याआधी 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर मराठीतही तक्रार नोंदवता येते. फक्त पैसे देऊन सेवा घेतल्याचा पुरावा लागतो. आमच्याकडे चिठ्ठी होती, तिच्यावर ना दुकानाचं नाव ना गाडीचा नंबर. सुदैवाने पैसे यूपीआयने दिले होते, ती नोंद होती.

दुकानात अब्बा बोलले. आवाज न चढवता त्यांनी सगळे कागद शेठच्या टेबलावर मांडले, आतल्या कडेचा उल्लेख असलेलाही. म्हणाले, "हे आमच्या खड्ड्याचं आहे, हे आम्ही भरतो. बाकीचं तुम्ही बघा." शेठ बराच वेळ फोटो मोठा करून पाहत राहिले. मग मागे वळून हाक मारली आणि अठरा-एकोणीस वर्षांचा एक मुलगा हात पुसत पुढे आला. "याच्या पगारातून कापतो," शेठ म्हणाले.

याचा विचार आम्ही केलाच नव्हता. त्या मुलाने काम निष्काळजीपणे केलं, खरं. पण मशीनला प्लास्टिकची टोपी नव्हती आणि टॉर्कचा पाना त्याच्या हाती कुणी दिला नव्हता. अब्बा म्हणाले, "पोराचं कापायचं असेल तर आम्हाला पैसे नकोत. तुमच्या दुकानाकडून द्यायचे असतील तर द्या." शेठ ओशाळून हसले. व्हीलच्या कडेची दुरुस्ती आणि रंग, नवा स्टड, पुन्हा बॅलन्सिंग, एवढं त्यांनी करून दिलं. आतला बाक काढायचे बाराशे आम्ही दिले, यावेळी पक्क्या बिलावर. मुलाच्या पगाराचं पुढे काय झालं, ते आम्हाला विचारता आलं नाही आणि अजूनही ते मनात टोचतं.

रंग उरलेल्या तीन व्हीलशी किंचित जुळत नाही. अब्बा अजून त्याच दुकानात जातात. गाडी देण्याआधी मात्र फोन घेऊन चारही चाकांभोवती फिरतात, चिठ्ठीवर किलोमीटर आणि आधीचे ओरखडे लिहून घेतात, आणि पन्नास-शंभर किलोमीटर गाडी चालली की नट पुन्हा तपासून आणतात. मागच्या खेपेला ते असे वाकून फोटो काढत असताना शेठ काउंटरवरून ओरडले, "चाचा, झालं असेल तर माझाही एक काढा!"