हसवता हसवता जाब विचारणाऱ्या

● १८८२ : जालन्याशेजारच्या बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांचं ‘स्त्री-पुरुष तुलना’ प्रसिद्ध झालं. बाईवर लादलेला प्रत्येक दोष त्यांनी उपरोधाने पुरुषाच्याच पदरात टाकला. जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’मधून त्यांची बाजू घेतली.

● भारूड : भारुडं रचणाऱ्या संत एकनाथांचं पैठण जालना जिल्ह्याला लागूनच. कपाळी मळवट, हातात परडी, अंगावर लुगडं; पण भारुडातलं हे सोंग वर्षानुवर्षं पुरुषच घेत आले. पंढरपूरच्या चंदाताई तिवाडी यांनी ते स्वतः रंगवलं आणि हसवत हसवत समाजाचे कान उपटले.

● १९८३ : स्त्री मुक्ती संघटनेचं ‘मुलगी झाली हो’ हे ज्योती म्हापसेकर लिखित नाटक आलं. गाणी आणि विनोदाच्या अंगाने ते गावोगाव पोचलं.

● २०१८ : टीव्हीवर ‘महाराष्ट्राची हास्यजत्रा’ हा विनोदी कार्यक्रम सुरू झाला. विशाखा सुभेदार, नम्रता संभेराव, वनिता खरात घराघरांत पोचल्या.

एवढं कराच : यंदा गावच्या जत्रेत, शाळेच्या स्नेहसंमेलनात विनोदी भूमिका मुलींनाही द्या. लिहायलाही त्यांनाच सांगा.